हाताला ठाऊक, डोळ्याला नाही

एक कापडी पिशवी घ्या. घरातल्या कुणाला तरी तिच्यात चार-पाच वस्तू गुपचूप टाकायला सांगा. लिंबू, खोडरबर, बाटलीचं झाकण, जायफळ, कुलपाची किल्ली, काहीही चालेल. आता न बघता आत हात घाला. किल्ली लगेच कळेल. खोडरबर त्याच्या झिजलेल्या कोपऱ्यावरून कळेल. आणि लिंबू हाताला लागलं, की ते 'लिंबू आहे' एवढं कळून थांबत नाही, तर पिवळंधमक लिंबू डोळ्यांपुढे उभं राहतं. पिशवीत अंधार, तुम्ही बघताय भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, तरी रंग दिसला! हात बिचारा काय सांगणार? गोलसर, थंड, जरा खरखरीत, एका टोकाला निमुळतं. यात पिवळं कुठून आलं?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, लिंबू आपण रोज बघतो की. बरोबर. पण समजा, एखाद्याने ते कधीच बघितलेलं नसेल तर? लिंबूच काय, जन्मापासून काहीच बघितलेलं नसेल तर?

हाच प्रश्न तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाला पडला. विल्यम मॉलिन्यू त्याचं नाव, राहणारा आयर्लंडमधल्या डब्लिन शहराचा. भिंगं, दुर्बिणी, प्रकाशाचे किरण यांचा त्याला भारी नाद. लग्नानंतर थोड्याच काळात त्याच्या बायकोची दृष्टी गेली होती, त्यामुळेही असेल, पण डोळ्यांचा विषय काही त्याच्या डोक्यातून जात नसे. १६८८ साली त्याने जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाला पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. पुढे लॉकशी ओळख झाल्यावर त्याने तोच प्रश्न पुन्हा लिहून पाठवला. (चिकाटी बघा! आणि प्रश्नही तसाच होता. पत्रातून विचारला गेलेला याहून भारी प्रश्न निदान माझ्या तरी माहितीत नाही.)

प्रश्न असा. एक माणूस जन्मापासून अंध आहे. हाताने चाचपून तो घन आणि गोल बरोबर ओळखतो. घन म्हणजे फाशासारख्या आकाराचा ठोकळा. दोन्ही एकाच धातूचे, जवळपास सारख्याच मापाचे. एके दिवशी या माणसाला एकदम दिसायला लागलं. टेबलावर घन आणि गोल ठेवलेत. हात लावायचा नाही. नुसतं बघून त्याला सांगता येईल का, यातला घन कुठला आणि गोल कुठला?

इथे जरा थांबा आणि आपलं उत्तर ठरवा. 'हो' म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की कोपरे ते कोपरेच, हाताला टोचोत नाहीतर डोळ्यांना दिसोत. 'नाही' म्हणणारे विचारतात, कोपरा 'दिसतो' कसा, हे त्या माणसाला कुणी सांगितलंय? हाताला टोचणारी गोष्ट डोळ्याला अशी दिसते, हे त्याला कळणार कुठून?

मॉलिन्यूचं स्वतःचं उत्तर 'नाही' असं होतं. लॉकलाही ते पटलं. १६९४ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हा प्रश्न छापला आणि मग युरोपातले झाडून सगळे विद्वान त्यावर भांडायला लागले. गणितातला दादा माणूस लायब्निझ म्हणाला, ओळखता येईल, समोर एक घन आहे आणि एक गोल आहे एवढं त्याला आधी सांगा म्हणजे झालं. भांडण मिटेना, कारण प्रयोग कुणीच केला नव्हता. करणार कसा? जन्मापासून दिसत नाही आणि मोठेपणी अचानक दिसायला लागलं, असा माणूस आणायचा कुठून?

तसा एक मुलगा लंडनमध्ये निघाला. विल्यम चेसल्डन नावाच्या शस्त्रवैद्याने १७२८ साली त्याची हकिकत छापली. मुलगा साधारण तेरा वर्षांचा. अगदी तान्हेपणापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोतीबिंदू आजी-आजोबांनाच होतो असं आपल्याला वाटतं, पण काही बाळं तो घेऊनच जन्माला येतात. डोळ्यातलं भिंग काचेसारखं स्वच्छ असायला हवं, ते दुधाळ होतं. मग उजेड आहे की अंधार हे कळतं, लख्ख उजेडात भडक रंगही कळतात, पण आकार काही कळत नाही. चेसल्डनने सुईसारख्या हत्याराने ते दुधाळ भिंग वाटेतून बाजूला सारलं. (ही युक्ती आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेतही सांगितली आहे. आणि तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातले नेत्ररुग्णांचे कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात अजून जपून ठेवलेत. तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे, पुन्हा कधीतरी.)

तर त्या मुलाला दिसायला लागलं. आता त्याला आनंदीआनंद व्हायला हवा ना? पण त्याचा झाला गोंधळ. पहिल्यांदा त्याला वाटलं, दिसणारी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना टेकलेलीच आहे. साहजिकच आहे. तोवर त्याला जे काही कळायचं ते अंगाला टेकल्यावरच कळायचं. लांब नावाची गोष्ट डोळ्यांना असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. आपण बसलोय ती खोली घराचा एक भाग आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण सगळं घर या खोलीपेक्षा मोठं 'दिसेल' कसं, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

घरात एक कुत्रं होतं आणि एक मांजर. दोघांनाही तो हाताने झटकन ओळखायचा. नुसतं बघून मात्र कुठलं कुठलं हे तो सारखा विसरायचा, आणि तेच तेच विचारायची त्याला लाज वाटायची. मग एक दिवस त्याने मांजराला पकडलं. हाताने चाचपून खात्री केली, की हे मांजरच. मग त्याच्याकडे टक लावून बघत राहिला, आणि त्याला खाली सोडताना म्हणाला, आता पुढच्या वेळी तुला ओळखीन! म्हणजे हाताला येत असलेला धडा त्याने डोळ्यांकडून पाठ करून घेतला.

चित्रांची गंमत तर याहून मोठी. दोन महिने त्याला चित्र म्हणजे नुसते रंगाचे डाग वाटत होते. मग एकदम उमगलं, की या डागांमध्ये माणसं आहेत, नाकंडोळे आहेत! त्याने उत्सुकतेने हात लावून बघितला, तर सगळं सपाट. नाकाला उंचवटा नाही, गालाला गोलाई नाही. तेव्हा तो चक्रावून विचारायला लागला, की दोघांपैकी खोटं बोलतंय कोण, हात की डोळे? या मुलाशी बोलायला मिळालं असतं तर काय मजा आली असती.

तरीही मॉलिन्यूच्या प्रश्नाचा निकाल लागला नाही. चेसल्डनने घन आणि गोल समोर ठेवून नीट परीक्षा घेतलीच नव्हती. शिवाय शंका होतीच: त्या मुलाला वस्तू ओळखता येत नव्हत्या, का मुळात धड दिसतच नव्हत्या? शस्त्रक्रियेनंतरचा डोळा सुजलेला आणि दुखरा असतो.

खरी परीक्षा झाली ती आपल्या देशात.

मोतीबिंदू घेऊन जन्मलेलं बाळ मोठ्या शहरात असलं, तर बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच ते डॉक्टरांच्या लक्षात येतं आणि शस्त्रक्रिया होते. पण लांबच्या खेड्यात, जिथे डोळ्यांचा दवाखाना नाही आणि घरात पैसा नाही, तिथे अशी मुलं न दिसताच मोठी होतात. ज्या आजारावर उपचार आहे, त्यापायी दहा-पंधरा वर्षं अंधारात काढणं ही फार वाईट गोष्ट आहे, आणि हे आपल्याकडे घडत आलंय. पवन सिन्हा हे दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत प्राध्यापक झालेले शास्त्रज्ञ. मेंदू बघायला कसा शिकतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी अशा मुलांसाठी 'प्रकाश' नावाचा प्रकल्प सुरू केला. गावोगावी मुलांची तपासणी करायची, दिल्लीतल्या डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया करायची, आणि मग मुलं आणि आई-वडील तयार असतील तर त्यांना दिसायला कसं लागतं याचा अभ्यास करायचा. आधी उपचार, मग प्रश्न.

सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मॉलिन्यूच्या प्रश्नाचं उत्तर छापलं. पाच मुलं होती, ८ ते १७ वर्षांची. पट्टी काढल्यावर दोन दिवसांच्या आत परीक्षा. आणि घन-गोलाऐवजी लेगोसारखे ठोकळे जोडून केलेले आकार, असे की आधी कुणी कधी हाताळले नसतील. आकार चांगले ठसठशीत ठेवले होते, म्हणजे 'नीट दिसलंच नाही' ही पळवाट नको.

परीक्षा तीन प्रकारची. पहिली: एक आकार न बघता हाताळायचा, मग दोन आकार हातात देणार, त्यातला मघाचा कुठला ते सांगायचं. दुसरी: एक आकार डोळ्यांनी बघायचा, मग दोन आकार बघून मघाचा ओळखायचा. तिसरी, म्हणजे मॉलिन्यूची: आकार हाताळायचा, पण ओळखायचा तो बघून.

पहिल्या परीक्षेत शंभरातली ९८ उत्तरं बरोबर आली. हात तर त्यांचे पटाईतच होते. दुसऱ्या परीक्षेत ९२. म्हणजे डोळेही काम नीट करत होते, दोन आकारांतला फरक त्यांना बरोबर दिसत होता. आणि तिसऱ्या परीक्षेत? ५८. दोनातलं एक निवडायचं असेल तर छापा-काटा करूनही शंभरात ५० मिळतात. म्हणजे हा निकाल जवळजवळ छापा-काट्याचाच! हाताला आकार माहीत, डोळ्याला आकार दिसतोय, पण दोघांची एकमेकांशी ओळखच नाही. मॉलिन्यू जिंकला, सव्वातीनशे वर्षांनी.

पण मला यापेक्षा त्याच्यापुढची गोष्ट जास्त आवडते. त्यातल्या काही मुलांची परीक्षा आठवडाभरातच पुन्हा घेतली, तर तिसऱ्या परीक्षेत त्यांनी चांगलीच प्रगती केली होती. मधल्या दिवसांत त्यांना कुणी शिकवणी लावली नव्हती. वाटी उचलली, दाराची कडी काढली, चप्पल पायात घातली, एवढ्यावर डोळ्यांनी हाताशी मैत्री केली. एवढी वर्षं जी ओळख झाली नव्हती, ती काही दिवसांत झाली.

आता तुम्हाला शंका येईल, की डोळा उघडला की दिसतं, यात शिकायचं काय? तर डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर समोरच्या दृश्याची प्रतिमा पडते, आणि तीही उलटी. झाड डोक्यावर उभं, आकाश खाली. फ्रान्सचा देकार्त याने बैलाच्या डोळ्याची मागची बाजू खरवडून ती प्रतिमा बघायची रीत १६३७ मध्ये लिहून ठेवली आहे. पण प्रतिमा उलटी असणं ही फार मोठी अडचण नाही. खरी अडचण अशी, की त्या पडद्यावर 'वस्तू' नसतातच. तिथे असतात गोधडीसारखे रंगाचे आणि उजेडाचे तुकडे. यातले कुठले तुकडे मिळून खुर्ची होते आणि कुठले मिळून तिच्यामागचं टेबल, हे मेंदूला ठरवावं लागतं. आपल्याला ते कष्ट जाणवत नाहीत, कारण ते आपण बाळपणीच करून बसलोय.

प्रकाश प्रकल्पात २९ वर्षांचा एक माणूस आला होता. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून भिंगच नव्हतं. त्याला योग्य चष्मा दिला आणि दिसायला लागलं. त्याला कागदावर एक वर्तुळ आणि त्यावर अर्धवट चढलेला एक चौकोन दाखवला. किती आकार आहेत? तुम्ही-आम्ही म्हणू, दोन. तो म्हणाला, तीन! दोन्ही आकार जिथे एकमेकांवर आले होते, तो तुकडा त्याला वेगळी वस्तू वाटला. मग संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. संगणकाच्या पडद्यावर ते आकार हलवले. त्याबरोबर त्याला दोन आकार सुटे सुटे दिसले. जे तुकडे मिळून हलतात ती एक वस्तू, हा नियम त्याच्या मेंदूने लगेच पकडला होता. पुढे काही महिन्यांनी न हलणारी चित्रंही त्याला उलगडायला लागली. तुम्हीही हा नियम वापरता बरं का. कुंपणावर बसलेला सरडा कितीही वेळ बघितला तरी दिसत नाही, आणि जरा पुढे सरकला की अख्खा दिसतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

मेंदूचे असे नियम आपल्यात किती मुरले आहेत, हे बघायचंय? मधलं बोट तर्जनीवर चढवा, चांगली अढी घाला. डोळे मिटा. दुसऱ्या कुणाला तरी त्या दोन टोकांच्या बेचक्यात एक वाटाणा ठेवून हळूच घोळवायला सांगा. किती वाटाणे लागतात? बहुतेकांना दोन! ग्रीसच्या ॲरिस्टॉटलला हे २३०० वर्षांपूर्वी माहीत होतं. बोटांच्या ज्या दोन बाहेरच्या कडा आहेत, त्यांना एरवी एकच वाटाणा एकदम लागूच शकत नाही. त्यामुळे दोन्हीकडे लागलं म्हणजे दोन असणार, असा मेंदूचा अनुभवाचा हिशेब. बोटं अढी घालून बसलीत हे तो त्या हिशेबात धरत नाही. (अशा बोटांनी नाकाचा शेंडा चोळून बघा. दोन नाकं लागली तर घाबरू नका.)

दुसऱ्या खेळात डोळे हाताला फसवतात. भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्या, त्यात चिंध्या भरा आणि टेबलावर तुमच्यासमोर ठेवा. तुमचा खरा हात त्याच्या शेजारी, पण मधे उभं पुस्तक ठेवून झाकलेला. नजर मोज्यावर. मित्राने दोन मऊ ब्रश घेऊन मोज्याचं आणि तुमचं तेच बोट, त्याच वेळी, त्याच दिशेने हलके कुरवाळायचं. एक-दोन मिनिटांत पुष्कळांना असं वाटायला लागतं, की स्पर्श त्या रबराच्या बोटालाच होतोय. सगळ्यांना नाही वाटत, आणि ब्रश मागेपुढे झाले तर मजा जाते. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९९८ मध्ये हा प्रयोग पहिल्यांदा छापला. स्वतःचा हात कुठला, हेसुद्धा मेंदू डोळ्यांना विचारून ठरवतो म्हणजे!

आणि जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकन प्राध्यापकाने तर स्वतःलाच वेठीला धरलं. १८९७ साली त्याने एका डोळ्यावर जग उलटं दाखवणारी भिंगांची नळी बांधली, दुसरा डोळा झाकला, आणि आठवडाभर तसाच राहिला. सुरुवातीला हात भलतीकडे जायचा, मळमळायचं. शेवटी शेवटी तो घरात न धडपडता वावरायला लागला. नळी काढल्यावर काही तास पुन्हा गोंधळ!

तर आत्तापर्यंत सगळं एकाच बाजूला झुकतंय: बघणं शिकावं लागतं. मीही हा लेख इथेच संपवला असता. पण प्रकाश प्रकल्पानेच त्यात खोडा घातला.

आगगाडीचे रूळ लांबवर जवळ येताना दिसतात ना? अशा रुळांच्या चित्रात दोन सारख्याच आडव्या रेघा काढा, एक खाली, एक वर. वरची रेघ लांब वाटते. याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण असं, की आपण लहानपणापासून रस्ते, रूळ, लांबलचक भिंती बघतो. लांबची वस्तू लहान दिसते हे डोळ्यांना पाठ झालेलं असतं. म्हणून वरची रेघ 'लांबवर आहे' असं समजून मेंदू तिला मनातल्या मनात वाढवतो. छान पटतं. पण मग ज्याने कधी रूळ बघितलेच नाहीत, त्याची फसगत व्हायला नको.

नुकतंच दिसायला लागलेल्या ९ मुलांना, ८ ते १६ वर्षांच्या, असली चित्रं दाखवली. २०१५ मध्ये निकाल छापला. सगळी मुलं लगेच फसली, अगदी तुमच्या-माझ्यासारखी! ना रूळ बघितलेले, ना रस्ते, तरीही. म्हणजे ही फसगत बघून बघून शिकलेली नाही, ती आधीपासून आतच कुठेतरी बसलेली आहे. मांजर ओळखायला शिकावं लागतं, पण फसायला नाही, असं काहीसं हे झालं. पाठ काय करावं लागतं आणि काय जन्मतः येतं, याची सीमा नेमकी कुठे आहे, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

त्या मुलांना दाखवलेलं दुसरं चित्र तुम्हाला घरी काढता येईल. ते १८८९ पासून प्रसिद्ध आहे, म्युलर-लायर यांचं. एक आडवी रेघ काढा, दहा सेंटिमीटरची. तिच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं काढा, बाहेर रोखलेली. तिच्याखाली दुसऱ्या रेघेची सुरुवात करा, पण हिच्या सुरुवातीला बाणाचं टोक उलटं काढा, बाहेरच्या बाजूला फाकलेलं. आता घरातल्या एकेकाला बोलवा आणि फुटपट्टी न वापरता खालची रेघ वरच्याएवढी करून मागा. तुम्ही पेन्सिलने रेघ वाढवत न्यायची, त्यांनी 'बास' म्हणायचं. प्रत्येकासाठी नवा कागद. बहुतेक जण लवकर 'बास' म्हणतील. किती मिलिमीटर कमी पडले ते नावासमोर लिहा. सगळ्यात शेवटी स्वतः बसा. तुम्हाला तर गुपित ठाऊक आहे. बघा, त्याने किती मिलिमीटर वाचतात.